जबाबदारी कायम, नोकरी कंत्राटी

प्रिय वैशाली,



उपकेंद्रातल्या नोकरीच्या करारावर पुन्हा सही करू की जर्मनीला जायला जर्मन शिकायला लागू, असं तू परवा फोनवर विचारलंस. मी लगेच काही बोलले नाही. हा प्रश्न तुझ्या एकटीचा नाही, उपकेंद्रात आणि वॉर्डात काम करणाऱ्या तुझ्या वयाच्या कितीतरी मुलींचा आहे. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे.

आमची उमेदीची वर्षं सिव्हिल रुग्णालयात सिस्टर म्हणून गेली. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सांगतो की शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या वॉर्डात ३ रुग्णांमागे १ परिचारिका हवी. आमचं रुग्णालय जिल्ह्याचं, त्याचा निकष थोडा सैल. पण रात्रपाळीला अख्खा वॉर्ड एकीच्या अंगावर असायचा. पेशंट खालावतोय हे आधी आम्हाला कळायचं. श्वासाची लय बदलायची, लघवीची पिशवी तासन्‌तास रिकामी दिसायची. तरी आमच्या नोंदीत शेवटी एकच वाक्य असे : 'डॉक्टरांना कळवले.' आम्हाला दिसत होतं, समजत होतं, पण ठरवायचा अधिकार नव्हता.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं. त्याने खूप चांगलं केलं. रुग्णालयातल्या बाळंतपणांची संख्या वाढली, नवजात बाळांसाठी वेगळे कक्ष उभे राहिले. त्याच अभियानातून आमच्या ड्युटी रूममध्ये कंत्राटी सिस्टर आल्या. गणवेश तोच, रात्रपाळी तीच, इंजेक्शनची ट्रॉलीही तीच. पण पगार निराळा, आणि करार संपत आला की चेहऱ्यावर काळजी. तेव्हा आम्हा कायम नोकरीवाल्यांना वाटलं, ही तात्पुरती सोय आहे. ती सोय वीस वर्षं टिकली.

तुझ्या पिढीच्या वाट्याला मात्र आणखी एक बदल आला, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने पैशाचा मोठा वाटा प्राथमिक सेवेवर खर्च करायचं म्हटलं. २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजनेत दीड लाख आरोग्यवर्धिनी केंद्रं उभारायचं ठरलं. आता त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. पूर्वी उपकेंद्र म्हणजे लसीकरण आणि बाळंतपण. आता तिथे समुदाय आरोग्य अधिकारी बसतो. आपल्या राज्यात या पदावर आयुर्वेदाचे पदवीधर पुष्कळ आहेत, पण तुझ्यासारखी बी.एस्सी. नर्सिंग झालेली मुलगीही सामुदायिक आरोग्याचं प्रशिक्षण घेऊन त्या खुर्चीवर बसू शकते. सिस्टरच्या दारावर 'अधिकारी' अशी पाटी लागणं आमच्या काळात कुणाच्या मनातही आलं नसतं.

ती पाटी म्हणजे काय, हे मला तुझ्याच बोलण्यातून कळलं. सासूच्या गोळ्या न्यायला आलेल्या बाईला तू सहज म्हणालीस, बसा, तुमचंही बीपी बघते. यंत्रावर १९०/११० आलं. तू तिला पाच मिनिटं शांत बसवलंस आणि दुसऱ्या हाताला कफ लावून पुन्हा मोजलंस. डोकं दुखतं का, अंधारी येते का, लघवी कमी होते का, हे विचारलंस. ई-संजीवनीवर डॉक्टर गाठायचे तर रेंज नाही. मग तू १०८ रुग्णवाहिकेची वाट न बघता आशाताईंना बरोबर घेऊन तिला जीपने प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचवलंस. मोजणं आम्हीही केलं असतं. पुढचं ठरवणं हे तुझं होतं. तिशीवरच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासणं, तोंडात पांढरा चट्टा दिसतोय का बघणं, गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी लाजणाऱ्या बाईला धीर देणं, या सगळ्याला परिचर्येचं शिक्षणच लागतं.

आता दुसरी बाजू. या कामाचं मानधन २५,००० रुपये, आणि वर कामगिरीनुसार १५,००० पर्यंत. म्हणजे कमाईचा मोठा भाग दर महिन्याच्या आकड्यांवर टांगलेला. किती जणांची तपासणी झाली, किती नोंदी ॲपवर चढल्या, किती जणांना टेलिकन्सल्टेशन मिळालं, हे मोजलं जातं. नवऱ्याच्या दारूने खचलेल्या बाईजवळ तू बसलीस तो तास कुठल्या रकान्यात भरशील? ज्या कामाचे पैसे मिळतात ते वाढतं, आणि ज्याची नोंदच होत नाही ते हळूहळू मागे पडतं. आकड्यांपायी तुझी माणसाकडे बघायची नजर बदलू नये, याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते.

खाजगी रुग्णालयांतल्या तुझ्या मैत्रिणींची गोष्ट वेगळी नाही. प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आणि आपली महात्मा फुले योजना यांमुळे गरिबाला मोठ्या शस्त्रक्रियेचं दार उघडलं, हे खरंच मोठं काम झालं. पण तिथे पैसे मिळतात ते शस्त्रक्रियेच्या ठरलेल्या पॅकेजचे. परिचर्येची त्यात वेगळी किंमत दिसत नाही, आणि काटकसर करायची वेळ आली की सिस्टरची संख्या कमी करणं सगळ्यात सोपं असतं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली : ५०पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेला किमान २०,००० रुपये द्यावेत, आणि २००पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी वेतनाइतके. इतकी वर्षं लोटली, तरी लहान नर्सिंग होममधल्या मुलींना ही शिफारस ऐकूनही माहीत नसते. तू त्यांना सांग.

२०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा आला, १९४७च्या जुन्या कायद्याची जागा घ्यायला. शिक्षणाचा दर्जा आणि देशभराची एक नोंदवही हे त्याचे हेतू चांगले आहेत. पण कायदा तुझी पात्रता ठरवतो, तुझी नोकरी टिकवत नाही. आरोग्य अभियानात दहा वर्षं सेवा झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना कायम सेवेत सामावून घेण्याचा निर्णय आपल्या सरकारने मार्च २०२४ मध्ये काढला, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा संप करावा लागला. त्याच २०२४ मध्ये राज्याने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. तिकडे माणसं कमी पडतात म्हणून ते आपल्या मुलींना बोलावतात. इकडे आपल्यालाही माणसं कमीच पडतात, पण आपण त्यांना कायम करत नाही.

सुधारणा अर्धी झाली आहे, असं माझं ठाम मत आहे. सरकारने परिचारिकेवर विश्वास ठेवून निर्णय तिच्या हाती दिला. आता त्याच विश्वासाने तिला कायम पदही द्यायला हवं. रक्तदाबाचा रोगी वर्षानुवर्षं सांभाळायचा असतो. त्याला गोळ्या का थांबवायच्या नाहीत हे पटवणारी सिस्टरच दर वर्षा-दोन वर्षांनी बदलली, तर तो औषध सोडणार. म्हणून कायम नोकरीची मागणी ही रोग्याच्या हिताची मागणी आहे. ती करताना संकोचू नकोस.

तू जायचं ठरवलंस तर मी रागावणार नाही. राहिलीस तर एवढं कर : प्रत्येक निर्णयाची नोंद वेळ घालून, आपल्या सहीने लिही. राज्याच्या परिचर्या परिषदेचं नोंदणी नूतनीकरण चुकवू नकोस. संघटनेच्या सभेला जा, आणि बोल. उपकेंद्रातली तुझ्यासारखी अनुभवी मुलगी बोलली, तर मंत्रालयातल्या माणसाला कागदावरच्या योजनेत काय राहून गेलं ते कळेल. आमच्या पिढीने सोसलं बरंच, पण मागितलं फार कमी. तुम्ही मागा, आम्ही निवृत्त सिस्टर तुमच्या बाजूने उभ्या राहू.

तुझी,
मावशी