एका साम्राज्याचा ताळेबंद

सरकारी नोकरीत योजना सुरू होताना पाहण्याचे प्रसंग पुष्कळ येतात. योजना रीतसर बंद होताना पाहण्याचे फार थोडे. योजना बहुधा बंद होत नाहीत, त्या फायलींतच विरतात. म्हणून एखादी गोष्ट तारीख जाहीर करून बंद झाली, की मला तिच्याविषयी कुतूहल वाटते.

अशीच एक कहाणी मला व्हाइटफील्डला राहणाऱ्या भाच्याकडून कळली. 'एज ऑफ एम्पायर्स ऑनलाइन' हा संगणकीय खेळ मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०११ मध्ये आणला आणि १ जुलै २०१४ रोजी बंद केला. मूळचा 'एज ऑफ एम्पायर्स' १९९७ सालचा. लाकूड, अन्न, सोने, दगड जमवावे, सैन्य उभारावे, शत्रूला नमवावे. डाव संपला की पाटी कोरी. नव्या खेळात पाटी कोरी होत नसे. प्रत्येकाची एक कायमची राजधानी असे, सुरुवातीला ग्रीक किंवा इजिप्शियन. कामगिऱ्या पार पाडल्या की पातळी वाढे आणि सैन्यासाठी उत्तमोत्तम साधने मिळत. थोडक्यात, डावपेचांच्या खेळाचे भूमिका वठवण्याच्या खेळाशी लावलेले हे लग्न होते. भाचा त्या वेळी विद्यार्थी होता. त्याने दोन वर्षे आपली इजिप्शियन राजधानी सजवली.

मग तो बंद का पडला? कंपनीने जानेवारी २०१३ मध्ये नवी भर घालणे थांबवले, तेव्हा कारण दिले ते खर्चाचे: या दर्जाची निर्मिती फार काळ परवडणारी नाही. माझ्या मते खरे कारण त्या लग्नातच होते. डावपेचांचा खेळ बुद्धिबळासारखा असतो. प्रतिस्पर्धी बदलला की डाव नवा होतो आणि नवेपणाचा खर्च निर्मात्यावर पडत नाही. कामगिरी मात्र एकदा पार पडली की संपली. खेळाडू टिकवायचा तर पुढची तयार हवी. म्हणजे एक भांडवली खर्च करून भागत नाही, आवर्ती खर्च जन्मभर मागे लागतो. धरण बांधून कालव्यांच्या देखभालीची तरतूद विसरणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

दुसरी अडचण किमतीची. खेळात प्रवेश फुकट होता. आणखी एका खेळाडूला सामावून घेण्याचा खर्च जवळजवळ शून्य, तेव्हा किंमतही शून्य असावी, हे आमच्या पाठ्यपुस्तकाला धरूनच झाले. परंतु मग स्थिर खर्च कोणी भरायचा? सुरुवातीला उत्तम साधने वापरण्याची मुभा पैसे भरून संस्कृती विकत घेणाऱ्यांनाच होती. त्यामुळे समोरासमोरच्या लढतीत बुद्धीइतकेच पाकिटाला महत्त्व आले. जुने खेळाडू यानेच दुरावले, असे भाचा म्हणतो आणि मला ते पटते. पुढे साधनांविना, समान पातळीवर लढण्याची सोय झाली आणि २०१२ मध्ये खेळून मिळवलेल्या गुणांवर सर्व काही घेता येऊ लागले. सुधारणा योग्य होत्या, पण उशिरा आल्या. शिवाय त्यांनी उत्पन्नाचा मार्ग रुंदावला नाही.

बंद करण्याची रीत मात्र वाखाणण्यासारखी. सुमारे दहा महिने आधी सूचना दिली आणि विक्री तेव्हाच थांबवली. त्याच सुमारास, जुलै २०१३ मध्ये, आपल्याकडे तारसेवा बंद झाली. शेवटच्या दिवशी तारघरांत गर्दी लोटली. एरवी तिकडे कोणी फिरकत नसे. पण ज्याने तार पाठवली त्याच्या हाती निदान कागद तरी उरला.

भाचा राहतो ते व्हाइटफील्ड हीदेखील अशीच आखलेली वसाहत. १८८२ साली म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर अँग्लो-इंडियनांनी शेती करून राहावे, अशी ती योजना होती. स्वातंत्र्यानंतर त्यांतील पुष्कळ कुटुंबे ऑस्ट्रेलिया-इंग्लंडला गेली. उद्देश संपला, तरी जमीन आणि 'इनर सर्कल'चा गोल रस्ता राहिला. पुढे जवळच १९९८ मध्ये माहिती तंत्रज्ञानाचे संकुल सुरू झाले. योजना फसली तरी तिच्या पायावर दुसरे काही उभे राहते, ते असे. संगणकीय नगरीला ही सोय नाही, कारण तिथली जमीनच मालकाच्या यंत्रात असते. खेळाडूने विकत घेतलेला असतो तो केवळ परवाना. विकताना हे स्पष्ट सांगा, असा कायदा कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये केला. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ई-व्यापाराच्या व्याख्येत डिजिटल उत्पादनांचा उल्लेख आहे. ही जाणीव देण्याची सक्तीही आपल्याकडे व्हावी, असे मला वाटते. असो.

पुढे काही हौशी मंडळींनी हा खेळ 'प्रोजेक्ट सेलेस्टे' या नावाने स्वतःच्या यंत्रणेवर पुन्हा सुरू केला, तोही विनामूल्य. जी निर्मिती कंपनीला परवडली नाही, ती ही मंडळी बिनपगारी करतात. त्यांनी रोमन ही नवी संस्कृतीही आणली. जुन्या राजधान्या मात्र परत आल्या नाहीत. ज्यांना यायचे त्यांना पहिल्या पातळीपासून आरंभ करावा लागला.