कचऱ्याच्या डब्याची ढेकर

लोडशेडिंगच्या दिवसांतली गोष्ट. वीज आली की मावसभावाने पुण्याहून पाठवलेल्या डीव्हीडी मी लॅपटॉपवर लावायचो. त्यातली एक ‘डॉक्टर हू’. पहिल्याच भागात प्लास्टिकचा कचऱ्याचा डबा एका माणसाला गिळतो आणि चक्क ढेकर देतो. आई शेजारी शेंगा फोडत होती. म्हणाली, “काय बघायलास रे हे?” मी ओशाळून बंद केलं. पुढचा भाग लावायला पंधरा दिवस गेले.

मालिका मूळची १९६३ ची. बीबीसीने १९८९ मध्ये ती थांबवली. मधे १९९६ चा एक चित्रपट तेवढा झाला. मग २६ मार्च २००५ ला रसेल टी. डेव्हिस यांनी ती पुन्हा उभी केली, तेरा भागांची. यातला डॉक्टर मरायला टेकला की देह बदलतो, म्हणजे नवा नट येतो. मराठी प्रेक्षकाला यात नवल ते काय? रंगभूमीवर लागूंचे अप्पा बेलवलकर पाहिलेल्यांनी दत्ता भटांचेही पाहिले आणि थोर कोण यावर जन्मभर वाद घातला.

हा नववा डॉक्टर ख्रिस्तोफर एक्लस्टन. गाव सॅल्फर्ड, मँचेस्टरला खेटून, कापडगिरण्यांच्या मुलखातलं. बोलणंही तिथलंच. तू परग्रहावरचा, मग उत्तरेकडच्यासारखा कसा बोलतोस, असं रोज नावाची त्याची सोबतीण विचारते. तो म्हणतो, उत्तर दिशा बऱ्याच ग्रहांना असते. मी एकटाच मोठ्याने हसलो. पुण्यात हॉस्टेलवर माझ्या तोंडून पहिलं ‘काय बे’ निघालं, तेव्हा “सोलापूरचा का?” असं ज्या सुरात विचारलं गेलं होतं, त्याला असलं उत्तर मला वेळेवर सुचलं नव्हतं.

पण हंगाम म्हणाल, तर विणीत जागोजागी गाठी. माणसांची कातडी पांघरलेले, सतत वायू सोडणारे राक्षस डाउनिंग स्ट्रीटवर येतात, तेही दोन भाग! ते भाग कार्डिफला पहिल्या भागाबरोबर एकाच टप्प्यात चित्रित झाले होते, हे नंतर कळलं. मंडळींचा हात बसायचा होता. आणि एक्लस्टनचं तिथल्या वरिष्ठांशी बिनसलं तेही याच टप्प्यात. पहिला भाग दाखवून आठवडाही झाला नव्हता, तोच तो जाणार असल्याची बातमी आली. एक कोटीहून जास्त लोकांनी पाहिलेला डॉक्टर एका हंगामातच संपला.

राक्षसांचे ते भाग मी पुन्हा लावत नाही. मात्र लगेच पुढे रॉब शिअरमनने लिहिलेला भाग येतो. साखळदंडात जखडलेला एकटा डालेक, म्हणजे डॉक्टरचा जुना वैरी, आणि त्याच्यासमोर द्वेषाने थरथरणारा डॉक्टर. भीती कुणाची वाटावी, तेच कळत नाही.

नववा-दहावा भाग स्टीव्हन मॉफटचा. २००६ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला तो यालाच. १९४१ चं लंडन, वरून बॉम्ब पडताहेत, आणि गॅसमास्क चढवलेलं एक पोर दारोदार आई शोधतंय. नॅन्सी नावाची पोरगी सगळ्यांना सांगते, तो माझा भाऊ होता.

त्या दिवशीही आई शेंगाच फोडत होती. इंग्रजी तिला येत नाही. पडद्याकडे बघत म्हणाली, “बहीण कुठली? आई हाय ती त्याची.”

उलगडा व्हायला अजून अर्धा तास होता.