रुपयान् रुपया मोजून घेणारे मिस्तरी

मला आयुष्यात फुकट पुष्कळ मिळालं. कुबड्या शिबिरात मिळाल्या, हारतुरे आणि फोटोसकट. एसटीत कंडक्टरनं कुणाला तरी उठवून जागा करून दिली. अपंगांना प्राधान्य होतं म्हणून एसटीडीचा बूथ मिळाला, त्याचंच पुढं झेरॉक्सचं दुकान झालं आणि त्यावर घर चाललं. हे सगळे उपकारच, नाही कशाला म्हणू? पण ऋण म्हटलं की माझ्यासमोर कुंभार पिंपळगावातले वेल्डिंगवाले मिस्तरी उभे राहतात. त्यांनी माझ्याकडून रुपयान् रुपया मोजून घेतला.

माझा डावा पाय लहानपणी पोलिओनं गेला. पल्स पोलिओ 1995 साली आलं, मी त्याच्या बराच आधीचा. पाय गेलेला लोकांना दिसतो; हात गेलेला दिसत नाही. कुबडीवाल्याचा एक हात कायम गहाण असतो. उभं राहून दोन हातांचं काम त्याला करताच येत नाही, मग ते पातेलं उतरवणं असो की पाना फिरवणं.

आमचा मोसंबीचा मळा गावापासून लांब. वाट काळ्या रानातली. स्कूटरला मागं दोन्हीकडं चाकं लावून मिळतात, ती मी वापरून पाहिली. डांबरी सडकेवर झकास. घनसावंगीपर्यंत जा, जांब समर्थला जा, काही त्रास नाही. पण तिची चाकं तीन रेषांत पळतात. बैलगाडीच्या चाकोरीत बाजूची चाकं खाली जातात आणि मधलं उंचवट्यावर चढतं. चिखलात तर विचारूच नका. मला हवी होती दोनच रेषांत पळणारी, मोठ्या चाकाची आणि बायको किंवा चार कॅरेट मोसंबी शेजारी घेऊन जाणारी गाडी. म्हणजे साइडकार.

मेव्हण्याकडं जुनी बुलेट पडून होती. मद्रासला 1955 पासून बनू लागलेल्या त्या जुन्या बुलेटची एक खोड आहे: गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात आणि किकही उजवीकडं. बाकीचे लोक यावर वैतागतात. मला वाटलं, ही गाडी माझ्याच मापानं काढलेली आहे. फक्त मागचा ब्रेक हाताकडं आणायचा होता. आणि खरं सांगायचं तर एका पायाच्या माणसाला गाडी चालवणं अवघड नसतं, थांबणं अवघड असतं. फाटकापाशी, म्हशींच्या कळपामागं, ओळखीच्यानं हाक मारली म्हणून, कुठंही थांबलं की पाय टेकावा लागतो. साइडकार डाव्या बाजूला बसते. ज्या बाजूला माझा पाय नाही, नेमका तिकडंच तिसरा टेकू.

मिस्तरींनी ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "बयाणा किती देता?" त्याआधी दोन दुकानांत मला "बघू की, तुमच्यासाठी करू काहीतरी" असं ऐकायला मिळालं होतं आणि पुढं काहीच झालं नव्हतं. बयाणा घेऊन मिस्तरी म्हणाले, "मापं तुम्ही घ्यायची. चालवणार तुम्ही, तर मापं म्या काहून घेऊ?"

पाइप जालन्याहून आणला. तिसऱ्या चाकासाठी भंगारातून मारुती 800 चा मागचा हब मिळाला. तो एकाच बाजूनं धरलेला असतो, म्हणून साइडकारला बरा पडतो. त्याचा बुश जालन्याच्या एका लेथवाल्यानं असा तंतोतंत काढून दिला की आजही हलत नाही.

मिस्तरींचं सगळं काम जमिनीवर चाले. खिडक्या, गेट, पेरणीची तिफण, सगळं उकिडवं बसून. माझं काम सुरू झालं त्या दिवशी त्यांनी डांबराची दोन पिंपं आडवी-उभी करून पाहिली, शेवटी उभी ठेवली आणि सांगाडा त्यावर मांडला. शेजारी एक स्टूल. म्हणाले, "कंबर धरलीय माझी, वाकवत नाही." स्टुलावर बसलं की सांगाडा माझ्या छातीशी आला आणि माझे दोन्ही हात मोकळे झाले. मी पाइप घासला, खडूनं खुणा केल्या, गुण्या धरला, टाके मारले. माझं काम संपल्यावर काही दिवसांनी सहज तिकडं गेलो, तर मिस्तरी फरशीवर उकिडवे बसून लोखंडी पलंग जोडत होते. कंबरेचं मी विचारलं नाही, त्यांनीही काढलं नाही.

साइडकारचा सांगाडा दिसतो सोपा. खरी कसोटी तीन मापांची. साइडकारचं चाक बुलेटच्या मागच्या चाकाच्या सरळ रेषेत ठेवायचं नाही, वीतभर पुढं घ्यायचं. नाहीतर वळताना गाडी अडखळते. ते चाक पुढच्या अंगानं किंचित बुलेटकडं वळलेलं हवं, कारण बाजूचं ओझं गाडीला सतत डावीकडं ओढतं. आणि बुलेट स्वतः साइडकारपासून थोडी बाहेर, उजवीकडं झुकलेली हवी, म्हणजे ओझं पडल्यावर ती सरळ होते. यासाठी आम्ही दोन सरळ फळ्या चाकांना लावून ठेवल्या आणि त्यांच्यातलं अंतर पुढून-मागून मोजलं. पुढं अर्धा-पाऊण इंच कमी, बस. झुकाव पाहायला गवंड्याचा ओळंबा.

पण वेल्डिंगनं लोखंड ओढतं. सकाळी बरोबर धरलेलं माप दुपारी सुताभरानं सरकलेलं असे. मिस्तरी एका बाजूला टाका मारत, मग लगेच समोरच्या बाजूला, मग परत अलीकडं. अख्खी शिवण एका दमात कधी ओढली नाही. मधे मधे थांबून चहा. "लोखंडाला दम खाऊ द्या," म्हणत, आणि मी फळ्या लावून पुन्हा मोजत असे. माप चुकलं तर कापायला लावत, आणि कापलेल्या पाइपाचे पैसे वेगळे लावत.

जो येईल तो "शोले" म्हणायचा. 1975 च्या त्या चित्रपटात साइडकार मोटारसायकलपासून सुटते, एकटीच पळते आणि पुन्हा येऊन जोडली जाते. मिस्तरींना तो प्रसंग फार प्रिय, पण धंद्याच्या दृष्टीनं नाही. "आपली सुटली तर परत यायची नाही," म्हणत चारही जोडांना त्यांनी डबल नट टाकले.

पहिल्यांदा चालवली तेव्हा गाडीनं माझं ऐकलंच नाही. अॅक्सिलरेटर पिळला की डावीकडं, ब्रेक दाबला की उजवीकडं. डावं वळण जोरात घेतलं तर रिकामी साइडकार चक्क हवेत. मिस्तरींनी तिच्यात वाळूचं पोतं टाकलं आणि स्वतः पुढं सायकलवर निघाले. मी मागं. गावाबाहेर शाळेच्या मैदानात त्यांनी मला वळणं घ्यायला लावली. सायकलवरूनच ओरडत, "भाऊ, हे दोन चाकांचं न्हाई, अंग टाकू नका, हँडल फिरवा!"

कागदाची भानगड वेगळी. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात अपंगांचं वाहन म्हणजे खास त्यासाठी घडवलेलं, नुसतं बदललेलं नव्हे, असं लिहिलं होतं. 2019 च्या दुरुस्तीत बदल केलेल्या वाहनालाही जागा मिळाली. त्यासाठी परवानगी घ्यावीच लागते आणि नोंदणीत बदल करावाच लागतो. एकानं मला "खेड्यात कोण विचारतंय" असं सांगितलं होतं. मिस्तरी म्हणाले, "कागद झाल्याशिवाय गाडी नेऊ देणार नाही. माझं वेल्डिंग आहे त्यात."

बिल त्यांनी वहीच्या कागदावर लिहून दिलं. रॉड, ग्राइंडरचं पान, वीज, मजुरी, चहासुद्धा. मजुरीत मात्र माझ्या हातांनी झालेल्या कामाची वजावट होती. टाके मारण्याचे इतके, घासकामाचे इतके. मला वजावट धरणारा माणूस पहिल्यांदाच भेटला होता.

कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी 1984 मध्ये "हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड" ही संस्था सुरू केली. त्यांचं "चाकाची खुर्ची" हे आत्मचरित्र मी नंतर वाचलं, आणि मिस्तरींना दुकानात बसवून त्यातला काही भाग वाचूनही दाखवला. ते ऐकताना मधेच म्हणाले, "खुर्चीची चाकं कितीची असतात?"

सध्या मिस्तरींपुढं आणि माझ्यापुढं नवं काम आहे. शेजारच्या गावचा एक पोरगा, अपघातात उजवा पाय गुडघ्याच्या वरून गेलेला. त्याला जुनी बुलेट उपयोगाची नाही. गिअर डाव्या पायातला हवा, तो नव्या गाड्यांना असतो, आणि ब्रेक हाताला आणता येईल. अडचण चढण्याची आहे. मी उजव्या पायावर उभा राहून डावा हातानं उचलून पलीकडं टाकतो. त्याला उजवीकडून चढताच येणार नाही, साइडकारवर पाय देऊन डावीकडूनच यावं लागेल, आणि वरची पुढची दांडी नेमकी त्याच्या वाटेत येते. मिस्तरी म्हणतात दांडी मागं घेऊ. मी म्हणतो, मागं घेतली तर वरचे दोन आधार जवळ येतात आणि गाडी झोल खाईल. काल यावर आमचं चांगलंच वाजलं. पोरगा दोघांकडं बघत बसला होता. शेवटी त्यानंच विचारलं, दांडी वाकवून घेतली तर?