बरा झालेला क्षय

तात्यांचा क्षय बरा होऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. सहा महिन्यांच्या गोळ्या त्यांनी एकही दिवस न चुकवता घेतल्या, थुंकीत जंतू नसल्याचा कागद आणला आणि आमच्या घरात तो विषय बंद झाला. उद्यमनगरातल्या फाउंड्रीत जन्म घालवलेल्या माझ्या या काकांनी म्हणूनच की काय, रुमालावरचे रक्ताचे ठिपके पंधरा दिवस कोणाला दाखवले नाहीत. गेलेला रोग पुन्हा घरात आणणे त्यांना अपराधासारखे वाटत असावे. मग एका पहाटे मोरीत वाटीभर रक्त पडले.

रुग्णालयात त्यांना प्रथम उजव्या कुशीवर निजवले. ज्या बाजूने रक्त येते ती खाली ठेवली, की चांगले फुप्फुस रक्ताने भरत नाही. अशा वेळी माणूस बहुधा रक्त गेल्याने नव्हे, तर श्वासाची वाट रक्ताने बंद झाल्याने दगावतो, हे मला त्या दिवशी कळले.

थुंकीत जंतू या वेळीही नव्हते. क्षयाच्या रुग्णाला पडणारे रक्त बहुतेकदा श्वासनलिकांना पोसणाऱ्या धमन्यांचे असते, म्हणून डॉक्टरांचा पहिला संशय त्यांच्यावर होता. सीटी अँजिओग्राफीत मात्र वेगळेच दिसले. उजव्या फुप्फुसात जुन्या क्षयाने पोखरलेली पोकळी होती आणि तिच्या कडेला फुप्फुसधमनीच्या एका शाखेवर वाटाण्याएवढा फुगवटा. याला रासमुसेनचा ॲन्युरिझम म्हणतात. पोकळीलगतची धमनीची भिंत आतल्या दाहाने झिजत जाते, पातळ होऊन फुगते आणि कधीतरी फुटते. डॅनिश वैद्य फ्रिट्झ रासमुसेन यांनी १८६८ मध्ये त्याचे वर्णन केले, ते शवविच्छेदनांवरून. हा फुगवटा तेव्हा माणूस गेल्यावरच दिसे.

तात्यांच्या जांघेतल्या शिरेतून बारीक नळी आत गेली. हृदयाच्या उजव्या कप्प्यांतून वाट काढत ती फुप्फुसधमनीच्या नेमक्या शाखेपाशी पोहोचली आणि तिच्यातून सोडलेल्या तारेच्या बारीक वेटोळ्यांभोवती रक्त गोठून ती शाखा बंद झाली. छाती उघडावी लागली नाही. तात्या जागेच होते. बाहेर आणल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "बुजवलं काय भोक?"

त्या रात्री बाकावर बसून मला डॉ. आनंदीबाई जोशी आठवत राहिल्या. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात पदवी घेतलेल्या आनंदीबाईंना कोल्हापूर संस्थानाने याच शहरातल्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागावर नेमले होते. ते काम हाती घेण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात क्षयाने त्या गेल्या. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. रासमुसेनांचे वर्णन तोवर छापून झाले होते, कॉखला जंतू सापडूनही पाच वर्षे झाली होती. रोगाचे नाव ठाऊक होते. हाती औषध नव्हते.

आमच्या हाती औषधही होते आणि नळीही. पंधरा दिवस वाया गेले ते आमच्या मौनामुळे. जंतू जातात, त्यांनी केलेली पोकळी मागे राहते. 'बरा झाला' या शब्दांत ती मावत नाही. आता तात्या खोकले की आम्ही विचारतो, आणि ते न बोलता रुमाल उलगडून दाखवतात.