देवाआधीची कोरी जागा

चीनमधल्या प्रॉटेस्टंट मंडळींच्या हातातले बायबल उघडले की छपाईतली एक बारीक गोष्ट नजरेत भरते. 'शन', म्हणजे देव, हे अक्षर जिथे जिथे येते, तिथे त्याच्या आधी एका अक्षराएवढी जागा कोरी सोडलेली असते. यामागचे मूळ कारण छापखान्यातले आहे. १९१९ साली बाहेर पडलेल्या 'युनियन' भाषांतराच्या वेळी देवाला चिनी भाषेत काय म्हणावे यावर मिशनऱ्यांचे एकमत होईना. काहींना प्राचीन चिनी ग्रंथांतला 'शांगदी' हा दोन अक्षरांचा शब्द हवा होता, काहींना 'शन' हे एकच अक्षर. शेवटी दोन आवृत्त्या निघाल्या, आणि दोन्हींची पाने ओळीला ओळ जुळावीत म्हणून एकाक्षरी शब्दाआधी जागा रिकामी ठेवली गेली. पण चिनी लेखनात सम्राटाच्या नावाआधी आदरापोटी जागा सोडण्याची फार जुनी रीत आहे. त्यामुळे वाचणाऱ्यांना ही कोरी जागाही देवाच्या आदरासाठीच सोडलेली वाटते, आणि त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही. परक्यांच्या वादातून उरलेली जागा त्यांनी आपल्या रीतीने भरून काढली. कॅथलिकांनी तर तिसराच शब्द धरला, 'तियानझू', स्वर्गाचा स्वामी. चिनी सरकारदरबारी कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट हे आजही दोन वेगळे धर्म म्हणून मोजले जातात.

चीनमधले ख्रिस्ती म्हटले की आपल्याकडेही पहिला प्रश्न येतो तो परकेपणाचा: पश्चिमेचा धर्म या लोकांनी का घेतला? मला हा प्रश्नच चुकीच्या टोकाकडून विचारलेला वाटतो. धर्माचे परकेपण त्याच्या उगमावरून ठरवायचे, तर चीनमधला बौद्ध धर्मही परकाच म्हणावा लागेल, आणि तो तर आपल्या भूमीतून तिकडे गेला. महाराष्ट्रात येऊन पुलकेशीच्या राज्याचे वर्णन लिहून ठेवणारा ह्युएन त्संग इ.स. ६४५ मध्ये चांगआनला परतला, तेव्हा त्याच राजधानीत सीरियन परंपरेचा अलोपेन नावाचा ख्रिस्ती धर्मगुरू दहा वर्षांपूर्वीच, ६३५ मध्ये, येऊन पोचलेला होता. दोघांनाही आश्रय दिला तो एकाच सम्राटाने, तांग घराण्यातल्या ताइझोंगने. अलोपेनच्या पंथाची हकिकत सांगणारा ७८१ सालचा शिलालेख शिआनच्या संग्रहालयात आहे. त्याच्या माथ्यावर क्रूस कोरला आहे आणि क्रूसाखाली कमळ. पुढे ८४५ मध्ये दुसऱ्या एका सम्राटाने परक्या धर्मांवर हत्यार उपसले, तेव्हा अडीच लाखांहून अधिक बौद्ध भिक्षू-भिक्षुणींना संसारात परतावे लागले आणि त्याच फर्मानाने हा ख्रिस्ती पंथही मोडला. बौद्ध धर्म त्या घावातून उठला, कारण तोवर तो चिनी घरांत, चिनी भाषेत आणि चिनी माणसांच्या हाती गेला होता. ख्रिस्ती पंथ उठला नाही. परका कोण आणि आपला कोण, हे ठरवणारी कसोटी मला इथे दिसते.

सोळाव्या शतकात ख्रिस्ती धर्म पुन्हा आला तो गोव्याच्या वाटेने. फ्रान्सिस झेवियर १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्यालगतच्या शांगचुआन बेटावर वारले. त्यांचा देह जुन्या गोव्यात आहे. जेझुइट मिशनरी मातेओ रिची १५७८ मध्ये गोव्यात उतरले, कोचीनला त्यांना गुरुदीक्षा मिळाली, आणि तिथून मकावमार्गे ते १६०१ मध्ये पेकिंगला स्थिरावले. शू ग्वांगची हा मोठा दरबारी विद्वान त्यांच्यासोबत बसून युक्लिडची भूमिती चिनी भाषेत आणत होता, आणि तो स्वतः ख्रिस्ती झाला होता. शांघायचा शूजियाहुई हा भाग त्याच्याच घराण्याच्या नावाने ओळखला जातो. पण पूर्वजांच्या पाटीपुढे वाकणे ही पूजा की कृतज्ञता, हा वाद रोमपर्यंत गेला आणि रोमने चिनी ख्रिस्त्यांना त्या रीतीची बंदी केली. संतापलेल्या कांग्शी सम्राटाने १७२१ मध्ये धर्मप्रसारच थांबवला. ती बंदी रोमने सैल केली १९३९ मध्ये. घरातल्या आजोबांना नमस्कार करायचा की नाही, हे दूरच्या शहरात ठरत होते. त्या दोनशे वर्षांत हा धर्म चीनमध्ये खरोखर परका होता, असे मी म्हणेन.

यावर सर्वांत जड आक्षेप येतो तो अफूचा, आणि त्याला बगल देऊन पुढे जाता येत नाही. प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांना चीनचे दार उघडले ते ब्रिटिश तोफांनी. कार्ल ग्युत्सलाफ हा मिशनरी १८३० च्या दशकात अफूच्या जहाजांवर दुभाष्या म्हणून फिरला. एका बाजूने पेट्या उतरत होत्या आणि दुसऱ्या बाजूने त्याची धर्मपत्रके वाटली जात होती. त्या पेट्यांतली माळव्याची अफू मुंबई बंदरातून निघत असे, आणि मुंबईच्या कितीतरी जुन्या श्रीमंतीत तो पैसा आहे. म्हणून या पापाचा हिशेब मांडताना मराठी वाचकाला तटस्थ प्रेक्षक होता येणार नाही. १८५८ च्या तहाने मिशनऱ्यांना देशाच्या आत शिरण्याची मोकळीक दिली, आणि त्याचा राग परकीयांविरुद्धच्या १९०० च्या बॉक्सर उठावात बाहेर पडला. आक्षेप इथपर्यंत पूर्ण खरा आहे. मात्र त्या उठावात परदेशी मिशनरी शेकड्यांनी मेले, तर चिनी ख्रिस्ती हजारोंनी. गोऱ्यांचा आश्रय हवा म्हणून धर्म धरणारे त्यांच्यात असतील. पण गावात मागे राहून जीव गमावणाऱ्या एवढ्या शेतकऱ्यांना त्या एका वर्णनात बसवता येत नाही.

खरी परीक्षा झाली ती परदेशी माणसे निघून गेल्यावर. १९४९ मध्ये चीनमध्ये सुमारे तीस लाख कॅथलिक आणि दहा लाखांच्या आतबाहेर प्रॉटेस्टंट होते. पुढच्या दोन-तीन वर्षांत मिशनरी गेले, त्यांचा पैसा गेला, शाळा-रुग्णालये सरकारकडे गेली. नव्या राजवटीला मानणाऱ्या प्रॉटेस्टंट मंडळींनी १९५४ मध्ये 'तीन-स्व' चळवळ उभी केली: स्वशासन, स्वावलंबन, स्वप्रसार. ही त्रयी मुळात एकोणिसाव्या शतकातली, आणि ती मांडणाऱ्या दोघांपैकी एक, अमेरिकन मिशन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन, १८५४-५५ मध्ये आपल्या मुंबई-अहमदनगरच्या मिशनची पाहणी करायला आले होते. इथल्या मंडळ्यांना इथलेच पाळक हवेत, असा त्यांचा आग्रह होता. त्याच अहमदनगरात पुढे रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणले आणि १९१७ मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. म्हणजे धर्म आपल्या हाती घेण्याची चिनी मंडळींची ओढ आपल्याला अनोळखी नाही. पण चीनमध्ये या तीन शब्दांना राज्याचा शिक्का लागला, आणि ज्यांनी शिक्का नाकारला त्यांनी किंमत मोजली. पेकिंगचे वांग मिंगदाव कधीच कुठल्या परदेशी मिशनचे नोकर नव्हते, त्यांची मंडळी स्वतःच्या पैशावर उभी होती. तिन्ही 'स्व' त्यांनी आधीच आचरले होते. त्यांना १९५५ मध्ये पहिल्यांदा अटक झाली आणि तुरुंगातून अखेरची सुटका १९८० मध्ये. सांस्कृतिक क्रांतीत सरकारमान्य चर्चही बंद झाले. १९७९ पासून एकेक चर्च उघडू लागले, तेव्हा आत आलेली गर्दी जुन्या गर्दीपेक्षा कमी असायला हवी होती. ती कितीतरी जास्त होती. मधल्या काळात ना इमारत होती, ना दुकानात मिळणारे पुस्तक. होत्या त्या स्वयंपाकघरात हलक्या आवाजात प्रार्थना करणाऱ्या आया आणि आज्या.

त्या गर्दीचे आजचे रूप पाहायचे, तर चर्चच्या दर्शनी भिंतीपेक्षा बाकांवर पाहावे. भिंत फसवते: टोकदार कमान, लाल क्रूस, कधी युरोपातून उचललेला मनोरा. बाकावरच्या गीतपुस्तकात सूर पाच रेषांवर नसतात. १ ते ७ हे आकडे असतात, एक म्हणजे सा, म्हणून ज्या बाईला पाश्चात्त्य स्वरलिपी कधी शिकवली नाही तीही बोट फिरवत गाते. १९८३ च्या अधिकृत गीतसंग्रहात ४०० गीते आहेत आणि त्यांतला पाव भाग चिनी रचनाकारांचा आहे. घरांतून चालणाऱ्या मंडळ्यांमध्ये हेनान प्रांतातल्या शियावमिन नावाच्या शेतकरी मुलीची गाणी गायली जातात. संगीताचे शिक्षण नसताना तिने हजाराहून जास्त रचली. युन्नानच्या डोंगरांतल्या लिसू लोकांना मिशनकाळात लिपी मिळाली, रोमन मोठी अक्षरे सुलटी-उलटी वापरून केलेली, आणि ते त्या लिपीतून चार सुरांत गातात. झेजियांग प्रांतातल्या वेन्झोउकडच्या गावांत नववर्षाला दाराच्या चौकटीवर लाल कागदाच्या दोन पट्ट्या चिकटवतात, सगळ्या चीनमध्ये चिकटवतात तशाच. ओळींचा तोल तोच, काळ्या शाईची वळणे तीच. फक्त धनलक्ष्मीच्या जागी ख्रिस्ताची कृपा आणि शांती. आणि भेटल्यावर एकमेकांना म्हणायचा शब्द 'पिंगआन', क्षेम असो.

यावर कोणी म्हणेल की ही वाढ फुगवून सांगितलेली आहे. आकड्यांबद्दल सावध राहावे, हे मान्य. चीन सरकारच्या २०१८ च्या श्वेतपत्रिकेत ३ कोटी ८० लाख प्रॉटेस्टंट आणि ६० लाख कॅथलिक दिले आहेत. काही प्रचारक याच्या दुप्पट-तिप्पट सांगतात. तर प्यू संस्थेने २०२३ मध्ये तपासलेल्या सर्वेक्षणांत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे प्रौढ सुमारे दोन टक्के आढळले आणि २०१० नंतर वाढ दिसली नाही. सर्वांत लहान आकडा धरला तरी ती दोन कोटी माणसे आहेत. दुसरा आक्षेप असा, की खेड्यांतले बरेचसे लोक आजार बरा व्हावा म्हणून येतात, ही श्रद्धा नव्हे, जुन्या दैवतांची अदलाबदल आहे. असेलही. पण आजारी लेकराला घेऊन देवाच्या दारात जाणारी माणसे जेजुरीत आणि माऊंट मेरीतही तितकीच आहेत, आणि आपण त्यांना परके म्हणत नाही.

म्हणूनच आज चिनी राज्य धर्मांच्या 'चिनीकरणा'ची जी मागणी करते, ती मला अन्यायाची वाटते. जे मागितले जाते आहे ते या माणसांनी कुणी न सांगता करून झाले आहे. २०१४ ते २०१६ या काळात झेजियांग प्रांतात हजाराहून जास्त चर्चवरचे क्रूस उतरवले गेले, आणि त्यांत सरकारमान्य चर्चही होते; वेन्झोउजवळचे सानजियांग चर्च तर एप्रिल २०१४ मध्ये पूर्णच पाडले. नानजिंगच्या एकाच छापखान्याने २०१९ पर्यंत वीस कोटी बायबले छापली, पण देशात ते पुस्तक चर्चमधूनच मिळते, आणि २०१८ मध्ये ऑनलाइन दुकानांतूनही ते हटवले गेले. छंगदू शहरातले पाळक वांग यी आधी कायद्याचे अध्यापक होते, निबंधकार होते. त्यांची मंडळी कोणा मिशनऱ्याने स्थापलेली नाही, त्यांनी लिहिले ते चिनी भाषेत आणि चिनी वाचकांसाठी. ३० डिसेंबर २०१९ रोजी त्यांना राज्य उलथवण्याची चिथावणी आणि बेकायदा व्यवसाय या आरोपांखाली नऊ वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली.