तासगावची गोडी

सांगली सोडून तासगावचा रस्ता धरला की कृष्णाकाठचा ऊस हळूहळू मागे पडतो. जमीन हलकी आणि मुरमाड होत जाते, आणि तारांच्या मांडवांवर चढलेल्या द्राक्षबागा दिसू लागतात. सात मजली गोपुराच्या गणपतीसाठी प्रसिद्ध असलेले तासगाव व्यापारी घराण्यांना बेदाण्याची पेठ म्हणूनच अधिक परिचित आहे. थॉमसन सीडलेसमधून निवडलेला ‘तास-ए-गणेश’ हा वाण याच भागातला. पर्जन्यछायेच्या ज्या कोरडेपणाला या तालुक्याने पिढ्यान् पिढ्या दोष दिला, तोच पुढे त्याचे भांडवल ठरला.

द्राक्षवेलीचे वर्ष दोन छाटण्यांचे असते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नव्या काड्या वाढतात आणि त्यांच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचा घड सूक्ष्म रूपाने तयार होतो. त्यासाठी स्वच्छ ऊन हवे. मे-जूनमध्ये आभाळ सतत झाकोळलेले राहिले, तर त्या डोळ्यातून ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर घडाऐवजी बाळी निघते. फेब्रुवारीत पेठेत येणाऱ्या मालाचा अर्धा निकाल असा मे महिन्यातच लागलेला असतो. सौद्याला बसणाऱ्यास तो दिसत नाही, एवढेच.

उरलेला निकाल हिवाळा लावतो. डिसेंबरची थंडी फार वाढली की वेलीची मुळे मंदावतात, मण्यांची फुगवण थांबते आणि काढणी लांबते. संक्रांतीनंतर ऊन तापू लागते, तेव्हा मण्यात ‘पाणी उतरते’. टणक, हिरवा, आंबट मणी मऊ आणि पारदर्शक होतो. दिवसाच्या उन्हात पाने साखर बनवतात, ती मण्यात साठत जाते आणि आम्लता उतरते. रात्र सौम्य थंड आणि दिवस निरभ्र असला, तर गोडी, रंग आणि करकरीतपणा ही तिन्ही एकत्र साधतात. खाण्याच्या द्राक्षाला साधारण 18 ब्रिक्स गोडी पुरते. बेदाण्यासाठी मात्र ती 22 च्या पुढे जाईपर्यंत घड वेलीवर राखावा लागतो. तेवढे दिवस बागाईतदार अधिक जोखीम पत्करतो.

जोखीम अर्थातच पावसाची. पिकलेल्या मण्याची साल पातळ असते. अवेळी सर आली की मुळांवाटे आणि सालीवाटे पाणी शिरते, आतला दाब वाढून मणी तडकतो, रस बाहेर येतो आणि एका मण्यामुळे सारा घड कुजतो. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील पावसाने तर पिकण्याआधीच घाला घातला: फुलोऱ्यातल्या बागांत घडकुज आणि डाऊनी पसरली. ढगाळ दिवस म्हणजे फवारणीचा दिवस. अहिंसेचा विचार करणाऱ्या घरांनी हेही ध्यानात घ्यावे, की ज्या वर्षी आभाळ कोरडे राहते, त्या वर्षी बागेत औषध कमी पडते.

बेदाणा तयार होतो तो नागज-जुनोनीच्या माळरानावरील शेडमध्ये, कारण तिथली हवा अधिक कोरडी. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग तेलाच्या द्रावणात बुडवून जाळ्यांच्या थरांवर पसरतात; साधारण पंधरवड्यात 4 किलो द्राक्षांचा 1 किलो बेदाणा होतो. या पंधरवड्यात वळिवाची एक सर आली, तरी माल काळवंडतो आणि दर निम्म्यावर येऊ शकतो. 31 मार्चला पेढ्या आणि बँका वर्षाचा ताळेबंद मांडतात, त्या दिवशी पुष्कळांचे वर्षभराचे उत्पन्न अजून जाळीवर वाळत असते.

दिवाळीच्या सुमारास तासगाव-सांगलीचे बेदाणा सौदे काही आठवडे थांबवून मागील देणी चुकती करण्याची ‘शून्य पेमेंट’ची प्रथा आहे. पेठेतली ही सर्वांत समंजस रीत म्हणावी लागेल. वीर निर्वाण संवत बदलताना जैन पेढ्यांवर नवी वही उघडते, नेमक्या त्याच दिवसांत बागेत फळछाटणी नुकतीच उरकलेली असते; मजुरी, खते आणि औषधे यांचा वर्षातला मोठा खर्च समोर उभा असतो. मागील हंगामाचे पैसे तोवर हाती आले नाहीत, तर ढग दाटून येताच शेतकऱ्याला औषध दुकानदाराच्या उधारीवर आणावे लागते, आणि त्या उधारीचे व्याज त्याला फेब्रुवारीपर्यंत भरावे लागते.