सनस्क्रीन, गोवा आणि टांझानिया

सनस्क्रीन म्हटलं की आपल्याला काय आठवतं? गोव्याची ट्रिप. मलाही तेच आठवायचं, टांझानियाबद्दल वाचेपर्यंत.

अल्बिनिझम म्हणजे शरीरात मेलॅनिन फारसं तयारच न होणं. युरोप-अमेरिकेत साधारण १७ ते २० हजारांत एकाला असतो. टांझानियात अंदाजे १४०० जणांत एकाला! आणि ऊन विषुववृत्ताजवळचं.

तिथून आपल्यापर्यंत बातम्या येतात त्या जादूटोण्यापायी होणाऱ्या हत्यांच्या. भयानकच आहे ते. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये या विषयावर स्वतंत्र तज्ज्ञ नेमल्या, इक्पोनवोसा एरो. त्यांना स्वतःला अल्बिनिझम आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पण हत्यांपेक्षा कितीतरी जास्त जीव त्वचेचा कॅन्सर घेतो. त्याची ब्रेकिंग न्यूज होत नाही.

नजरही अधू असते. पहिल्या बाकावर बसवलं नाही तर पोराला फळा दिसत नाही, शाळा सुटते, मग वाट्याला येतं ते शेतातलं, उन्हातलंच काम. आमच्या भाषेत इन्फिनिट लूप!

मोशीला, किलिमांजारोच्या पायथ्याशी, एका स्पॅनिश फार्मासिस्ट बाईंच्या पुढाकाराने 'किलिसन' नावाचं क्रीम बनू लागलं. जर्मनीच्या बीएएसएफचा हातभार, उत्पादन तिथलंच, आणि ज्यांना गरज त्यांना फुकट. औषधासारखं.

आपल्याकडे सनस्क्रीन हे सौंदर्यप्रसाधन. अल्बिनिझम असलेली माणसं आपल्याकडेही आहेत. बहुतेकांना ते दुकानातून, स्वतःच्या खिशातूनच आणावं लागतं. महिन्याला किती ट्यूब लागत असतील हो?